काचपेटीतल्या पाणझाडांना दिवा कोणता लावावा?



गप्पी मासा आता आपल्या खेड्यांना नवा राहिलेला नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिवतापाचे कर्मचारी तो हौदात सोडून जातात आणि घरातली मुले त्यांतलेच चार मासे बाटलीत धरून आणतात. बाटलीतून बादली आणि बादलीतून काचेची पेटी, असा हा प्रवास बहुतेक घरी होतो. पेटीत नुसते मासे ओकेबोके दिसतात, म्हणून तालुक्याच्या दुकानातून चार हिरवी झाडे येतात. पंधरा दिवसांत ती पिवळी पडली की दुकानदार सांगतो, "उजेड कमी पडतोय, मोठा दिवा घ्या." मोठा दिवा येतो. महिन्याभरात काचेवर शेवाळ धरते, पाणी पोपटी होते, पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात आणि एक दिवस पेटी माळ्यावर जाते. पैसे तर जातातच, पण सजीव वाढवण्याची पोराची पहिली हौसही त्या पेटीबरोबर माळ्यावर जाते. हे नुकसान मोठे आहे.

दिवा जितका मोठा तितके झाड चांगले, या समजुतीत सगळी चूक आहे. उसाला पाणी वाढवत गेल्याने ऊस वाढत गेला नाही, उलट चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या, हे आपण नदीकाठच्या गावांत पाहिले आहे. उजेडाचेही तसेच असते. तो झाडाला बेताचा, ठरावीक वेळी आणि झाडाची जात पाहून द्यावा लागतो.

उजेडाचे काम काय?

झाड पानातल्या हरितद्रव्याच्या साह्याने उजेड पकडते आणि त्याच्या जोरावर पाणी व कर्बवायू यांपासून आपले अन्न तयार करते, हे मुले शाळेत शिकतात. या गोष्टीचा छडा ज्या प्रयोगांतून लागला ते पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांवर केलेले होते. यान इंगेनहाउस नावाच्या डच डॉक्टराने इंग्लंडमध्ये ते केले आणि १७७९ साली प्रसिद्ध केले. पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की त्यांवर बुडबुडे धरत आणि अंधारात नेली की थांबत. उन्हात निघणारा तो वायू म्हणजे प्राणवायू होता. अंधारात झाडे उलट हवा बिघडवतात, हेही त्याने दाखवून दिले. तुमच्या पेटीत दुपारी पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसले तर मुलांना जवळ बोलावून हा इतिहास जरूर सांगा.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवसा प्राणवायू देणारी झाडे आणि शेवाळ रात्री माशांबरोबर तोच प्राणवायू वापरतात. पाणी शेवाळाने हिरवे झाले असेल तर पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि म्हणूनच त्या वेळी मासे वर येतात.

दुसरी गोष्ट तुम्हाला शेतीतून माहीत आहे. जो घटक सर्वांत कमी पडतो, त्यावर पिकाची वाढ ठरते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याच्या नावाने हा नियम ओळखला जातो. पाण्याची पाळी चुकली असेल तर नत्राचे चौथे पोते टाकून उपयोग नाही. पेटीत बहुधा कर्बवायूची टंचाई असते. नुसत्या हवेतून पाण्यात विरघळणारा कर्बवायू लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी भरतो. माशांच्या श्वासातून आणि तळाच्या गाळातून त्यात थोडी भर पडते, एवढेच. अशा पेटीवर दुप्पट उजेड सोडला तरी झाड दुप्पट वाढत नाही. ते अडते, आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसते, कारण शेवाळाला फार थोडके पुरते. चुलीत सरपण वाढवले म्हणून भाकऱ्या जास्त होत नाहीत. परातीत पीठ तेवढेच असेल तर आहे ती भाकरी करपते.

आधी झाड ठरवा, मग दिवा

आपण जमीन पाहून पीक घेतो आणि पीक पाहून पाण्याची पाळी ठरवतो. इथेही आधी झाड ठरवावे. ढोबळमानाने पाणझाडांचे तीन गट पडतात.

पहिला गट कमी उजेडावर भागवणारा. जावा फर्न, जावा मॉस, अनुबियास आणि बऱ्याच क्रिप्टोकोरिन या गटात येतात. यांची वाढ सावकाश असते, पण मरत नाहीत. जावा फर्न व अनुबियास यांचे आडवे खोड वाळूत पुरू नये, ते कुजते. दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधून ठेवावे. नवशिक्याने सुरुवात याच गटापासून करावी.

दुसरा गट मध्यम उजेडाचा. लांब पातीची व्हॅलिसनेरिया, भराभर वाढणारी हायग्रोफिला आणि नीरब्राह्मी ही यातली ओळखीची झाडे. नीरब्राह्मी म्हणजे ओलसर बांधावर पसरणारी, जाड छोट्या पानांची, फिकट फुलांची वेल. गोल पानाच्या मंडूकपर्णीलाही काही ठिकाणी ब्राह्मी म्हणतात, तिची गल्लत करू नये. नीरब्राह्मी पाण्याखालीही उभी वाढते. ही तिन्ही झाडे भारतातल्या पाणथळ जागी निसर्गतः आढळतात, त्यामुळे आपले हवामान त्यांना मानवते.

तिसरा गट जास्त उजेड मागणारा. तळावर गालिच्यासारखी पसरणारी बारीक पानांची झाडे आणि लालभडक पानांच्या बहुतेक जाती यात मोडतात. चित्रात पेट्या सुंदर दिसतात त्या याच झाडांनी. पण त्यामागे सिलिंडरमधून सोडलेला कर्बवायू, रोजचे खत आणि आठवड्याची छाटणी असते. हा वायू जास्त झाला तर मासे मरतात. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये.

दुकानातली पुष्कळ झाडे मुळात पाण्याबाहेर, दमट शेडमध्ये वाढवलेली असतात. पाण्यात लावल्यावर त्यांची जुनी पाने गळतात किंवा विरघळल्यासारखी होतात, क्रिप्टोकोरिनची तर हमखास. हा उजेडाचा दोष नव्हे. खोड आणि मुळे घट्ट असतील तर दोन-तीन आठवड्यांत पाण्यातली नवी पाने फुटतात. एवढ्यात घाईने दिवा बदलू नये.

किती लुमेनचा दिवा?

पूर्वी दिव्याचे माप वॉटवर करीत. तो हिशोब आता निरुपयोगी आहे. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचे माप. साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब जेवढा उजेड देई, तेवढा आज आठ-नऊ वॉटचा एलईडी देतो. म्हणून खोक्यावर लुमेनचा आकडा पाहावा. लुमेन हे माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचे माप आहे, झाडाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचे नेमके माप नव्हे. पण साध्या पांढऱ्या दिव्यासाठी त्यावर अंदाज बांधता येतो.

एक ते सव्वा फूट खोलीच्या पेटीसाठी ढोबळ हिशोब असा:

कमी उजेडाची झाडे: लिटरला १० ते २० लुमेन.
मध्यम उजेडाची झाडे: लिटरला २० ते ४० लुमेन.
जास्त उजेडाची झाडे: लिटरला ४० लुमेनच्या वर, आणि सोबत कर्बवायू.

आता उदाहरण घेऊ. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी ही सर्वांत खपाची. तिचे माप दोन घनफूट म्हणजे सुमारे ५६ लिटर भरते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता पाणी ४५ ते ५० लिटर राहते. पन्नास लिटर धरले तर पहिल्या गटाला ५०० ते १००० लुमेन आणि दुसऱ्या गटाला १००० ते २००० लुमेन लागतील. चांगला एलईडी वॉटला सुमारे शंभर लुमेन देतो. म्हणजे पहिल्या गटाला पाच ते दहा वॉट आणि दुसऱ्याला दहा ते वीस वॉट पुरे. घरात लावतो तशी दोन फुटी, दहा वॉटची, पांढऱ्या उजेडाची एलईडी पट्टी पेटीवर बसवली, तरी पहिला गट उत्तम वाढतो आणि दुसऱ्यातली सोशीक झाडेही चालतात. मात्र घरातली पट्टी ओलीसाठी बनवलेली नसते. ती उघड्या पाण्यावर न ठेवता काचेच्या झाकणावर, वाफ व शिंतोडे लागणार नाहीत अशी बसवावी.

विजेचा खर्चही पाहू. दहा वॉटचा दिवा रोज सात तास लावला तर ७० वॉट-तास होतात. महिन्याला दोन युनिटच्या थोडे वर. एवढ्याने बिल वाढत नाही.

दिव्याचा आकारही पाहावा. एकच गोल बल्ब मधोमध टांगला तर मधली झाडे उजेडाने पोळतात आणि कडेची उपाशी राहतात. पेटीच्या लांबीएवढी पट्टी घेतली की उजेड सारखा पसरतो. दिवा पाण्यापासून चार बोटे वर उचलला तरी तळाशी पोचणारा उजेड कमी होतो. तेव्हा उजेड जास्त वाटला तर दिवा बदलण्याआधी तो उचलून पाहावा. यात एक पैसाही खर्च होत नाही.

पांढरा की जांभळा?

हल्ली तांबडा-निळा मिळून जांभळा दिसणारा दिवा "झाडांचा खास दिवा" म्हणून विकतात. हरितद्रव्य तांबडा व निळा उजेड जास्त शोषते हे खरे. त्यामुळे झाडे अशा दिव्यात वाढतात, यात वाद नाही. पण पांढऱ्या एलईडीतही ते रंग असतातच. बहुतेक पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा दिवा, त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या द्रव्याचा थर दिलेला असतो. निळ्या एलईडीचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगाच नव्हे. शिवाय जांभळ्या उजेडात हिरवे पान काळपट दिसते, माशाचा खरा रंग कळत नाही आणि पानावरचा रोगही नजरेला पडत नाही.

म्हणून खोक्यावर "कूल डेलाइट" किंवा ६५०० केल्विन लिहिलेला साधा पांढरा दिवा घ्यावा. ५००० ते ७००० केल्विनच्या दरम्यानचा कोणताही चालेल.

किती तास लावावा?

रात्री शेतात दिवे लावून ड्रॅगन फ्रूटला हंगामाबाहेर फूल आणणारे शेतकरी आज आपल्याकडे आहेत. शेवंतीची फुले दिव्याने पुढे ढकलणारेही आहेत. त्यांना हे सांगायला नको की उजेडाचे तास ही हलक्यात घेण्याची गोष्ट नाही.

नव्या पेटीला पहिले तीन-चार आठवडे रोज सहा तासच दिवा लावावा. झाडांनी मुळे धरली, नवी पाने आली आणि शेवाळ नसेल तर दर आठवड्याला अर्धा तास वाढवत आठ तासांपर्यंत जावे. त्यापुढे जाण्याची गरज नाही. सुरुवातीला वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर आला तर घाबरू नये. नव्या पेटीत तो येतो, पुसून काढावा, पुढे आपोआप कमी होतो.

दिवा रोज एकाच वेळी लागावा. घरचे लोक संध्याकाळी पेटीपुढे बसतात, म्हणून दुपारी दोन ते रात्री नऊ ही वेळ सोयीची. रात्रभर दिवा ठेवणे ही माशांना शिक्षा आहे. त्यांनाही अंधार आणि विसावा हवा असतो.

दिवा लावण्या-बंद करण्याचे काम टायमरवर सोपवावे. पण ज्या गावी भारनियमन आहे तिथे चकती फिरणारा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि पुढचे सगळे वेळापत्रक तेवढे सरकते. आतमध्ये बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. एखादा दिवस दिवा लागलाच नाही तर झाडे मरत नाहीत. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून चौदा तास दिवा लावू नये. अशा वेळी खरी चिंता हवेच्या पंपाची करावी, कारण तो बंद पडला की दाटीने ठेवलेले मासे गुदमरतात.

पेटी उन्हात नको

"एवढे ऊन फुकट असताना दिवा कशाला?" असा प्रश्न शेतकऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे. पण खिडकीतले ऊन आपल्या हातात नसते. ते ऋतूप्रमाणे सरकते, एका बाजूनेच येते आणि काच हिरवी करून टाकते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पन्नास लिटर पाणी उन्हात तापायला वेळ लागत नाही, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. पेटी थेट ऊन न येणाऱ्या भिंतीशी ठेवावी. अंगणातल्या मोठ्या सिमेंटच्या टाक्यात पाणझाडे ठेवायची असतील तर तिथे ऊन चालते, पण दुपारची सावली आणि खोल पाणी हवे.

झाड काय सांगते ते पाहा

आपण पान पाहून पिकाची उणीव ओळखतो. तीच नजर इथे वापरावी.

दांडा लांबच लांब वाढला, पानांतले अंतर वाढले आणि खालची पाने गळू लागली, तर उजेड कमी आहे.

सावकाश वाढणाऱ्या अनुबियासच्या पानांवर हिरवे ठिपके किंवा केसांसारखे शेवाळ धरले, तर उजेड किंवा तास जास्त आहेत. एक तास कमी करून दोन आठवडे वाट पाहावी.

जुनी, खालची पाने पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव असते. नवी, शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची. या दोन्ही ठिकाणी दिवा निर्दोष आहे. मात्र शेतातला युरिया चिमूटभरही पेटीत टाकू नये. त्यातून होणारा अमोनिया माशांना विष आहे. पाणझाडांचे खत वेगळे मिळते, ते सांगितल्याच्या निम्मे घालून सुरुवात करावी.

एका वेळी एकच बदल करावा आणि तारीख वहीत टिपावी. हे काम घरच्या मुलीकडे किंवा मुलाकडे द्यावे. यातून जे निरीक्षण शिकले जाते ते पुढे शेतातही कामाला येते.

विजेशी खेळ नको

या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका. पाणी, वीज आणि लहान मुलांचे हात या तीन गोष्टी इथे एकत्र येतात.

पेटीत हात घालण्यापूर्वी दिवा, पंप सगळ्यांचे प्लग काढावेत. नुसते बटण बंद करून भागत नाही. हा नियम मुलांना पहिल्या दिवशीच शिकवावा.

वायर प्लगकडे जाताना प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी. वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, सॉकेटमध्ये शिरत नाही.

फ्यूज असला म्हणजे आपण सुरक्षित, हा समज खोटा आहे. फ्यूज वायरिंगला वाचवतो. माणसाचा जीव त्याहून किती तरी कमी विजेने जातो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वायरमनकडून बसवून घ्यावा आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. हा खर्च पेटीसाठी म्हणून करू नका, घरासाठी म्हणून करा. न्हाणीघर आणि पाण्याची मोटरही त्याच घरात असते.

दिवा खास पेटीसाठी घेणार असाल तर अॅडॉप्टरवर १२ व्होल्टला चालणारा आणि आयपी ६७ किंवा ६८ असा शेरा असलेला घ्यावा. अॅडॉप्टर मात्र पेटीपासून दूर, कोरड्या जागी असावा. लाल-काळ्या सुट्या वायरी चिकटपट्टीने जोडलेला दिवा कितीही स्वस्त मिळाला तरी घरात आणू नये.

छाटलेले झाड ओढ्यात टाकू नका

दिवा नीट बसला की झाडे वाढतात आणि छाटणीचा प्रश्न येतो. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांची काय दशा केली आहे, ते सर्वांना माहीत आहे. म्हणून पेटीतली छाटणी विहिरीत, ओढ्यात किंवा कालव्यात न टाकता वाळवून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावी. त्याचप्रमाणे पेटीच्या हौसेपायी डोंगरावरची दुर्मिळ झाडेही उपटू नयेत. साताऱ्याच्या कास पठारावर वायतुरा नावाची पाणवनस्पती उगवते. तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे आणि ती मोजक्या सड्यांखेरीज इतरत्र सापडत नाही. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासही आहे. तिथली झाडे तिथेच शोभतात.

थोडक्यात

झाडे पहिल्या गटातली घ्या. दोन फुटी पेटीला दहा वॉटची पांढरी पट्टी लावा. सहा तासांपासून सुरुवात करा आणि आठच्या पुढे जाऊ नका. पेटी उन्हातून काढा, प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. एवढे पथ्य पाळले तर मोठ्या दिव्याचे पैसे वाचतील. त्या पैशात एक चांगला टायमर आणि मुलांसाठी चार मासे जास्त येतील.